मानेतल्या चौघी

उंद्री,
ता. २ जानेवारी १९६८

चि. प्रतिमास तिच्या बापाचे आशीर्वाद.

सप्, सप्, सप्. आज सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या हा आवाज कानात वाजत होता. निवृत्ती न्हावी शाळेच्या ओट्यावर बसायचा, खांबाला चामड्याचा पट्टा अडकवायचा आणि त्यावर वस्तरा उलटापालटा फिरवायचा. मी तेव्हा बावीस वर्षांचा नवा मास्तर. आत चाळीस पोरं कविता चालीवर म्हणत आणि बाहेरून तो पट्टा ताल धरी. ज्या दिवशी निवृत्ती येत नसे त्या दिवशी पोरं कडव्याच्या मध्येच घसरत. तो जाऊन अठरा वर्षं झाली. पट्टा आता त्याच्या पोराकडे, शालिग्रामकडे आहे.

बरं. तब्येतीचं लिहितो, नाहीतर तू म्हणशील, बाबांनी पुन्हा कवितेचा आडोसा घेतला.

परवा रविवारी चिखलीच्या दवाखान्यातून घरी आलो. तू नागपूरहून येऊन दोन दिवस उशाशी बसून गेलीस, त्यापेक्षा आता पुष्कळच बरा आहे. चालताना भिंत जवळ लागते, पण धरावी लागत नाही. उजवा हात अजून थोडा स्वतःच्या मनानं जातो, म्हणून या ओळी उतारावरून निघालेल्या बैलांसारख्या दिसतील. उचकी थांबली. तीन दिवस लागली होती तेव्हा तुझ्या आईनं माहेरच्या सगळ्यांची नावं घेऊन पाहिली, मग माझ्या माहेरची म्हणजे शाळेची सुरू केली. कोणाच्याच नावाला थांबेना. शेवटी म्हणाली, "एवढी आठवन काढनारं मानूस तुमाले हाये तरी कोन?"

आवाज मात्र घोगरा आहे. घागरीत तोंड घालून बोलावं तसा. सकाळी गोठ्यात म्हशीसमोर उभा राहून दोन-दोन कडवी म्हणतो. म्हैस ऐकून घेते.

तुझ्या भाऊरायानं, हिंमतनं, तुला काय लिहिलं ते त्यानं मला वाचून दाखवलं. शालिग्रामनं दाढी करून झाल्यावर मान मोडली आणि त्यानंच हे झालं, असं. दाढी झाली की मान एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे झटकन फिरवायची, हाडं वाजली की गिऱ्हाईक खूश. ही रीत तुला ठाऊक आहे. मी चाळीस वर्षं करून घेतो आहे. त्या दिवशी एस.टी. थांब्याजवळ त्याच्या समोरून उठलो, दहा पावलं चाललो आणि पडलो, हेही खरं.

त्याबद्दल सावकाश लिहीन. तुझी आई पाण्यात हात घालून पाहिल्याशिवाय मला आंघोळीला बसू देत नाही. डाव्या अंगाला ऊन-गार कळत नाही ना.

तुझे,
बाबा


उंद्री, संक्रांतीचा दुसरा दिवस,
ता. १५ जानेवारी १९६८

चि. प्रतिमा,

तिळगूळ पोस्टानं पाठवलाय. आईनं कापडात शिवून दिलाय, वरची शिवण दातानं तोडू नकोस.

तुझं आठ पानी पत्र आलं आणि सोबतचं मानेतल्या वाहिन्यांचं चित्र. तुला काय सांगू, गेल्या दहा वर्षांत, म्हणजे पेन्शनीत निघाल्यापासून, इतक्या आनंदानं मी काही वाचलं नव्हतं. आधी आईला वाचून दाखवलं, मग सूनबाईला, मग गोठ्यात जाऊन पुन्हा एकदा.

समजलं की नाही ते तपासायला तुलाच परत सांगतो. चूक असेल तिथे लाल शाई वापर.

मेंदूला रक्त नेणाऱ्या चार वाहिन्या. दोन पुढच्या, नरड्याच्या दोन बाजूंनी जाणाऱ्या, जाडजूड. बोट टेकवलं की उडताना लागतात. मी टेकवून पाहिलं. दोन मागच्या, त्या बारीक आणि लाजाळू. त्या मानेच्या मणक्यांना बाजूला जी भोकं असतात त्यांतून, सुईत दोरा ओवावा तशा, एकेक मणका करत वर चढतात. डोक्याच्या खाली आल्या की वळण घेतात, कवटीत शिरतात आणि एकमेकींत मिसळून एक होतात. मग ती एक आणि पुढच्या दोघी मेंदूच्या तळाशी आपल्या फांद्यांनी हात धरून एक कडं करतात. त्या कड्यातून साऱ्या मेंदूला वाटा फुटतात.

हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आपली मळ्याची विहीर आली. दोन पाट बंद पडले तरी वाफा सुकू नये म्हणून तुझ्या आजोबांनी वाफ्याभोवती पाण्याचा गोल दांड फिरवला होता, पाणी कुठूनही आलं तरी सगळ्यांना मिळे. ज्यानं माणूस घडवला त्यानंही तसाच दांड फिरवून ठेवला आहे. तू लिहितेस की हे कडं सगळ्यांचंच पुरतं नसतं, अर्ध्याअधिक लोकांचं कुठे ना कुठे बारीक किंवा तुटकं असतं आणि तरी ते जन्मभर सुखानं जगतात. हे वाक्य मी तीनदा वाचलं.

मी यावर दोन ओळी केल्या आहेत. शाळेच्या चालीवर बसतात:

दोन पुढूनी, दोन मागुनी, चौघी चढती वर;
वर जाउनी फेर धरिती, त्या फेरावर घर.

तुझ्या कॉलेजातल्या पोरांना शिकव. परीक्षेत विसरणार नाहीत.

तर माझ्या मागच्या दोघींपैकी उजवीला आतून चीर गेली, मानेला एकदम हिसका बसल्यामुळे, आणि तिचं पाणी अडलं. डावीनं धकवून नेलं, म्हणून मी आहे. चेहरा उजवा बधिर आणि अंग मात्र डावं, हे कोडंही तू सोडवलंस. चेहऱ्याच्या तारा आपल्याच बाजूला राहतात आणि अंगाच्या तारा वर जाताना पलीकडे ओलांडतात. हिंमतला सांगितलं तर म्हणाला, "बाबा, तुमी अर्धे इकडं न अर्धे तिकडं झाले म्हना."

हिंमत चांगला आहे. दवाखान्यात अकरा रात्री खाली सतरंजीवर झोपला. पण आता तो गावभर बोलतो आहे. शालिग्रामकडे कोणी दाढीला बसत नाही. ज्वारीची खळी सुरू आहेत, दर वर्षी त्याला बलुत्याच्या धान्यासाठी प्रत्येक खळ्यावर बोलावणं असतं. यंदा कोणी हाक मारली नाही. थांब्यापाशी तो सकाळी हजामतीची धोकटी मांडतो आणि दुपारी उचलतो. खामगावच्या एका सलूनमध्ये जागा मिळते का, ते पाहायला दोनदा जाऊन आला म्हणतात. पहिल्या वेळी मालकानं ये म्हटलं. दुसऱ्या वेळी त्याच्या कानावर ही बातमी गेलेली होती.

तू हिंमतला लिहिलंस की असल्या अडाणी माणसावर फिर्याद करायला हवी, म्हणजे पुढे कोणी म्हाताऱ्याच्या मानेला हात लावणार नाही. हिंमत सव्वीस जानेवारी झाली की त्यासाठी चिखलीला जाणार आहे, सोमवारचा दिवस ठरवला आहे. त्यानं मला विचारलं, "जाऊ ना?" मी मान हलवली. कोणत्या बाजूला हलवली ते मलाच नीट ठाऊक नाही.

तू सातव्या पानावर तळाशी एकच ओळ सुटी लिहिली आहेस: "त्यानं आपण होऊन केलं, की कोणी सांगितलं?" डॉक्टरीण झालीस, पण प्रश्न विचारायची तऱ्हा माझीच. पोरानं आठ गणितं बरोबर सोडवली की मी नवव्याकडे बोट ठेवायचो.

त्याचं उत्तर या पत्रात लिहिणार होतो. हात दुखतो.

तुझे,
बाबा


उंद्री,
ता. २८ जानेवारी १९६८, रविवार

चि. प्रतिमा,

हात दुखत नव्हता. परवापासून अक्षर सरळ येतं आहे, पाहा.

तुझ्या नवव्या गणिताचं उत्तर परवा मी साऱ्या गावासमोर दिलं. तुला सगळ्यांच्या नंतर कळतं आहे, याबद्दल रागाव. पण आता क्रमानं ऐक.

वीस डिसेंबर. दुसऱ्या दिवशी शाळेचं संमेलन होतं आणि मला कविता म्हणायची होती. थंडीनं मान अवघडली होती. शालिग्रामनं दाढी केली, डोक्याला तेल चोळलं, मान खांद्यापर्यंत हलकी दाबली आणि फडकं झटकलं.

मी म्हटलं, "मान?"

तो म्हणाला, "मान राहू द्या आज, गुरुजी."

"काऊन?"

"बाप सांगून गेला हाये. केस पिकले का मान फिरवाची नाई, नुसती चोळाची. साठीच्या फुडं तं हातच लावाचा नाई."

"तुझ्या बापानं माझी मान शेकडो वेळा मोडली."

"तवा तुमी जवान होते. अन मले बी दोन वर्सं झाले, मनात होतं का गुरुजीले आता नाई म्हनावं. आज म्हनून राह्यलो."

तिथे खामगावच्या गाडीची वाट पाहत एक परका उतारू बसला होता. तो हसला आणि म्हणाला, "मास्तर, आज तुमालेच शाळा शिकवून राह्यला हा."

प्रतिमा, एवढंच झालं. एक अनोळखी माणूस हसला. पाच मिनिटांनी गाडी आली, तो बसून निघून गेला, मला त्याचं तोंडही आठवत नाही. पण त्या हसण्यावर मी शालिग्रामला जे बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, "चौथीत माझं ऐकलं असतंस तर आज वस्तरा घासत बसला नसतास. आता तरी सांगतो तसं कर."

निवृत्ती अंथरुणाला खिळला म्हणून शालिग्रामनं चौथीतून शाळा सोडली होती. हे मला ठाऊक होतं. त्याचं नाव हजेरीपटातून मीच कमी केलं होतं.

त्यानं फडकं उचललं. हात पुसले, माझ्या मागे उभा राहिला आणि मी सांगितलं तसं केलं. उजवीकडे एकदा. डावीकडे फिरवायच्या आधीच थांबला, कारण मी "हं" म्हणालो होतो, नेहमीसारखं नाही, वेगळंच काही. त्यानं विचारलं, "गुरुजी, लागलं का?" मी नाही म्हणालो, उठलो, पैसे दिले आणि चालू लागलो.

आता खरी लाजेची गोष्ट पुढेच आहे.

माझा आवाज सहाव्या दिवशी परत आला होता. घोगरा, पण शब्द कळतील असा. नर्सबाईंना मी हळूच पाणी मागितलं, त्यांनी दिलं. त्यानंतरही घरी येईपर्यंत मी बोलायच्या जागी पाटीवरच लिहीत राहिलो. पाटीवर मी चहा लिहिलं, उशी लिहिलं, खिडकी लावा लिहिलं. तू आलीस त्या दिवशी म्हशीला सरकी दिली का, हेही लिहिलं. तू माझ्या पायाच्या तळव्यावर किल्ली फिरवत विचारलंस, "बाबा, त्यानं जबरदस्ती केली का?" मी पाटी पुसली आणि पाणी लिहिलं. तू पाणी दिलंस. तहान नव्हती.

पस्तीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवलं, आणि त्या पाटीवर तीन शब्द लिहिणं जमलं नाही. "मीच सांगितलं होतं." हातापायातली शक्ती गेली होती असं म्हणायची सोय होती, पण उशी हा शब्द मला लिहिता आला होता.

सव्वीसला सकाळी झेंडावंदनाला गेलो. दर वर्षी तिथे मी कविता म्हणतो. हेडमास्तर म्हणाले, "गुरुजी, या वर्षी नुसतं बसा, आवाजाला ताण नको." मी म्हटलं, मला फळा बाहेर आणून द्या.

फळा आणला, झेंड्याच्या कट्ट्याला टेकवला. मी तुझं चित्र काढलं. पुढच्या दोघी लाल खडूनं, मागच्या दोघी पिवळ्या खडूनं, मणक्यांची भोकं, वरचं कडं. हात एकदाही थरथरला नाही, याची तू डॉक्टर म्हणून नोंद घे. पोरांपुढे सरपंच भगवानराव, मागे बायका, कडेला हिंमत. सगळ्यांना वाटलं म्हातारा कविता म्हणणार.

मी चौघींची ओळख करून दिली. दोन ओळी चालीवर म्हणवून घेतल्या, पोरांनी दुसऱ्या वेळेलाच पाठ केल्या. मग पिवळ्या रेघेवर बोट ठेवलं आणि सांगितलं, "ही इथे फाटली. मान झटक्यानं फिरवली की पिकल्या वयात ही फाटू शकते. हे मला पुस्तकं वाचून ठाऊक नव्हतं. शालिग्रामला चित्र न पाहता ठाऊक होतं. त्यानं नको म्हटलं. मी त्याला घालूनपाडून बोललो आणि करायला लावलं. चूक त्याची नाही, माझी आहे. आणि दुसरी चूक अशी, की हे सांगायला मी महिना लावला."

आवाज तेवढ्यापुरता साफ निघाला. शेवटच्या रांगेपर्यंत गेला असावा, कारण शेवटच्या रांगेतूनच उत्तर आलं.

शालिग्रामची बायको सोजराबाई उभी राहिली. मला वाटलं होतं ती रडेल. ती म्हणाली, "गुरुजी, त्यानं घरी बी कोनाले सांगतलं नाई. मी रोज इचारे, तुमी आपल्या मनानं केलं का? तो म्हने, गुरुजी सवता सांगतील. महिनाभर तेच म्हने. परवा म्हन्ला, आता नाई सांगत वाटते, अन गेला सुरतेच्या चुलतभावाकडं."

मी म्हटलं, "परत बोलव त्याला."

"तुमी म्हनसान तवा जाचं, तुमी म्हनसान तवा याचं. आता त्याच्या मनावर राहू द्या."

एवढं बोलून ती लेकरांना घेऊन निघाली. भगवानराव म्हणाले, गुरुजींनी मोठं मन दाखवलं. मी त्यांना गप्प बसवलं. मोठं मन कोणाचं होतं ते फळ्यावर लिहायचं राहिलं होतं, ते मी लिहिलं. त्याचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. हजेरीपटात लिहायचो तसं.

हिंमत घरी आल्यावर म्हणाला, "बाबा, गावात मले तोंड दाखवाले जागा ठेवली नाई तुमी. मी तुमच्यासाठी भांडत होतो." त्याचं बरोबर आहे. मी त्याच्या पाया पडायला वाकलो, तो मागे सरकला आणि चिडून बाहेर गेला. दोन दिवस बोलला नाही. पण उद्या सोमवार आहे आणि चिखलीला जायचं त्यानं नाव काढलेलं नाही. सकाळी त्याला तीन माणसांना सांगताना मी ऐकलं, "बाबानंच म्हटलं होतं त्याले. माहीच चुकी झाली बोलाची." हे सांगताना त्याला किती जड गेलं असेल, ते मला ठाऊक आहे. मला महिना लागला, त्याला दोन दिवस. त्यात तो बापापेक्षा पुढे गेला.

सुरतेचा पत्ता हिंमत मिळवतो म्हणाला आहे. मी पत्र लिहिणार आहे. शालिग्राम आला तर त्याच्या समोर बसेन, दाढी करून घेईन आणि मान नुसती चोळून घेईन. नाही आला तरी मला ते सोसायचं आहे; त्याबद्दल कुरकुर करणार नाही. माझ्या तब्येतीची काळजी नको. पिवळ्यांपैकी एक काम करते आहे, लाल दोघी दणकट आहेत, आणि कडं कुठे तरी तुटकं असलं तरी आपलं काम चाललं आहे.

तू अडाणी हा शब्द लिहिला होतास. तो परत घे. मला तो तुझ्या हातानं खोडलेला हवा आहे.

इथपर्यंत लिहिलं आणि दारात सोजराबाई येऊन उभी राहिली. गावात नांदायला आल्यापासून ती कधी आमच्या दारी आली नव्हती. काही लागलं तर शालिग्रामच यायचा. आई तिला आत बोलावते आहे, ती उंबऱ्याबाहेरच आहे. मी लेखणी हातात धरूनच विचारलं, "शालिग्रामचं काही कळलं?"

"सुरतेत जीव लागत नाई म्हनून परतला. खामगावात उतरला हाये, बयनीकडं." मग जरा थांबून म्हणाली, "गावात नाई येत म्हन्ते. पन त्या सलूनवाल्याकडं पुन्यांदा जाईन म्हन्ते. तुमी परवा फळ्यावर काढलं ते कागदावर काढून द्या. खाली लिहा का यानं नाई म्हटलं होतं. मी सांजच्या गाडीनं घेऊन जातो."

मी म्हटलं, "देतो. आत्ता देतो."

"अन सही गुरुजी म्हनून नोका करू. खामगावात कोन वयखते गुरुजीले? पुरं नाव लिहा."

ती उभी आहे. बसत नाही. लाल-पिवळे खडू कागदावर उमटत नाहीत, हिंमत पोरांच्या दप्तरातल्या रंगीत पेन्सिली शोधायला गेला आहे. तुझं पत्र इथेच थांबवतो, तिची गाडी साडेपाचची आहे. एकदा सही करायचा सराव व्हावा म्हणून तुझ्याच पत्राखाली आधी करतो.

तुझा बाप,
रंगराव देवराव इंगळे, निवृत्त शिक्षक,
ज्याला शालिग्राम निवृत्ती यानं नको म्हटलं होतं.